बसून दिसणारा समुद्र

मामांनी यादी वाचायला घेतली की घरात कुणी ब्र काढत नसे. मामा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनी एकट्याने आखलं, त्यामुळे कुणी कुठे बसायचं हे ठरवणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं त्यांना अजूनही वाटायचं. फक्त यावेळी मामला वर्गातल्या बाकांचा नव्हता, समुद्रावर सात दिवस फिरणाऱ्या जहाजाचा होता. सहा माणसं, तीन खोल्या, तिन्हींना बाल्कनी.

"मी आणि मामी दहाव्या मजल्यावर," मामा चष्मा सावरत म्हणाले. "तुम्ही तिघं नवव्यावर. आणि धाकटी सहाव्यावर."

तुम्ही तिघं म्हणजे टाचणी आणि तिचे आईबाबा. धाकटी म्हणजे मावशी. मावशी बावन्न वर्षांची होती, तिच्या हातचे ब्लाउज आणि कोट घालून अर्धं गाव लग्नाला उभं राहिलेलं होतं, पण या घरात ती आपली धाकटी ती धाकटीच.

"मामा, हिशेबाने ही सहाही माणसं झाली, नाही का?" टाचणीचे बाबा म्हणाले.

"अरे हो. सातवी माझी बॅग धर," मामा म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

"पण मावशी एकटीच सहाव्यावर का?" टाचणीने विचारलं.

सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटत "हजर" म्हणायची. लहानपणापासून शाळा सुटली की मावशीच्या दुकानात लोहचुंबक घेऊन जमिनीवरच्या टाचण्या गोळा करत बसायची, म्हणून तिचं नावच टाचणी पडलं. बारीक, गप्प, कोपऱ्यात सांडलेली. पण यंदा फळ्यावरची चूक तिने गणिताच्या सरांना भर वर्गात दाखवली, सर "शाब्बास" म्हणाले, आणि तिला जो कंठ फुटला तो काही केल्या मिटेना.

"सहावा मजला वाईट असतो का?" मामा म्हणाले. "तिलाही बाल्कनीच आहे. बाल्कनी म्हणजे बाल्कनी! आणि एकट्या माणसाला असं काय लागतं?"

"चालेल रे दादा," मावशी म्हणाली.

तिने हे "चालेल" आयुष्यभर म्हटलं होतं. दुकानामागची खोली चालेल, सगळ्यांत शेवटची खुर्ची चालेल. टाचणीला मात्र दोन महिन्यांपूर्वीची संध्याकाळ आठवत होती. सफरीत कुणाला काय हवं, असं आईने सहज विचारलं होतं. मामा म्हणाले जेवण, बाबा म्हणाले झोप. मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली होती, "मला बसून समुद्र बघायचाय. उभं राहून नाही, वाकून नाही. खुर्चीत बसून."

तिच्या दुकानाला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढला तर शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागायचा. चोवीस वर्षं मशीनवरून मान वर केली की ती भिंत. कापडाचा खरा रंग बघायला गिऱ्हाइकं रस्त्यावर जायची.

मामांनी यादी वाचली त्याच रात्री टाचणीने मोबाइलवर जहाजाचा नकाशा उघडला. सहावा मजला सापडला, मावशीची खोलीही सापडली. तिच्या बाल्कनीसमोर लांबट गोळ्यांसारख्या केशरी खुणा होत्या. खालच्या बारीक अक्षरांत त्याचा अर्थ दिला होता: लाइफबोट.

म्हणजे पुन्हा भिंतच. फक्त केशरी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टाचणी झेरॉक्सवाल्याकडून सगळ्या मजल्यांचे मोठे कागद काढून दुकानात हजर झाली. मावशीने केशरी खुणा बघितल्या, बराच वेळ बघितल्या. मग टेबलावरचं अर्धवट कापलेलं कापड बाजूला सारलं.

"ट्रेसिंग पेपर काढ," ती म्हणाली. "कुठलीही खोली नुसती आडवी बघायची नसते. वर काय, खाली काय, ते बघायला नको?"

मग काय विचारता! एकेका मजल्याची रूपरेषा पातळ कागदावर उतरली. टाचणीने एकावर एक कागद रचले, जहाजाची नाकं अगदी नीट जुळवली आणि चारी बाजूंनी टाचण्या मारल्या. उजेडासमोर धरलं तर मामांच्या दहाव्या मजल्यावरच्या खोलीवर थेट पोहण्याचा तलाव! टाचणीला धीर कुठला? मावशी गिऱ्हाइकाचं माप घेत होती, तेवढ्यात हिने घरच्या ग्रुपवर टाकूनही दिलं, "मामा, तुमच्या डोक्यावर तलाव आहे!!!" तीन उद्गारचिन्हं.

दहा मिनिटांत मामांचं उत्तर आलं. त्यांनी बुकिंगच्या ऑफिसात फोन लावला होता. तलाव त्यांच्या खोलीपासून चाळीस पावलं मागे होता. "नकाशा वाचायला भूगोल लागतो, कन्ये. आता यादीत ढवळाढवळ नको. सोमवारी संध्याकाळी खोल्या पक्क्या होतील." आणि खाली मामीचा हसणारा चेहरा.

टाचणीचे कान तापले. गप्प बसून टाचण्याच वेचत राहिले असते तर बरं झालं असतं, असं तिला क्षणभर वाटून गेलं.

"दाखव," मावशी म्हणाली. गठ्ठा हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. "अगं बये, तू कड जुळवलीस! वरचे मजले आखूड असतात, त्यांचं नाक मागे असतं. एवढी वर्षं दुकानात काय केलंस? बाही मुंढ्याला लावताना आपण कडा जुळवतो का?"

"खुणा जुळवतो," टाचणी पुटपुटली.

"मग जहाजाची खूण कुठली? सगळ्या मजल्यांतून सरळ जाणारी अशी कुठली वस्तू आहे?"

टाचणीने नकाशावरून नजर फिरवली आणि टुणकन उडीच मारली. "लिफ्ट! जिने!"

टाचण्या निघाल्या, कागद सरकले. लिफ्टवर लिफ्ट, जिन्यावर जिना. आता मामांच्या खोलीवर तलाव नव्हताच. तिथे होता एक कोरा पांढरा चौकोन, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि त्याला लागून वरच्या मजल्याचं मोठं जेवणघर.

"कोरं आहे म्हणजे काही नाही," टाचणी म्हणाली.

"कोरं आहे म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं नाही असं काहीतरी आहे," मावशी म्हणाली. "अस्तराच्या आत काय असतं ते मी गिऱ्हाइकाला दाखवते का? जेवणघराशेजारी काय असणार, सांग बघू."

"स्वयंपाकघर!"

मावशीची सहाव्यावरची खोली तर विचारूच नका. समोर लाइफबोट आणि पायाखाली नाटकगृह, म्हणजे दिवसा केशरी भिंत आणि संध्याकाळी ढोल. टाचणीच्या आईबाबांची नवव्यावरची बरी निघाली. शेवटी मावशीने लाल खडूने आठव्या मजल्यावर, जहाजाच्या बरोब्बर मध्यावर एक खूण केली. वर खोल्या, खाली खोल्या, दारासमोरही खोल्याच, लिफ्ट आठ दारं पलीकडे. तिथे जहाज हलतंही कमी, असं टाचणीने वाचून दाखवलं. भाडं सहाव्याएवढंच. आणि फोटोत कठडा काचेचा होता.

"सहाव्याचा कठडा बघ," मावशी म्हणाली. "पत्र्याचा. खुर्चीत बसलं की पत्राच बघायचा." मग तिने खडू खाली ठेवला. "टाचणे, यावेळी मला नाही चालणार."

सोमवारी साडेचारला बुकिंगच्या ऑफिसात मामा आधीच फाइल मांडीवर घेऊन बसले होते. काउंटरमागच्या मुलीने सगळ्यांना खुर्च्या दिल्या. मामांनी यादी पुढे केली, तेवढ्यात मावशीने त्या यादीवरच ट्रेसिंग पेपरचा गठ्ठा ठेवला.

"मला सहावा नको," ती म्हणाली. "आठवा द्या. ही लाल खुणेची."

"हे काय आता?" मामा म्हणाले. "सगळं ठरलंय."

"तू ठरवलंयस, दादा. मला कुणी विचारलंच नाही. मीही बोलले नाही, ती माझी चूक. आज बोलतेय."

काउंटरवाली मुलगी एकेक कागद उलटत होती. "काकू, हे तुम्ही केलंत? आठ वर्षं मी खोल्या विकतेय, डोक्यावर काय आहे असं अजून कुणी विचारलं नाही."

"आणि इथे काय आहे?" टाचणीने कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

मुलीने संगणकावर बघितलं, मग मामांकडे बघितलं. "स्वयंपाकघर. तुमच्या खोलीच्या अगदी वर, काका. पहाटे साडेचारपासून ट्रॉल्या सुरू होतात. सांगायचं राहून गेलं."

मामांच्या चेहऱ्याचा रंग फळा पुसल्यासारखा उतरला. पण मुख्याध्यापक ते मुख्याध्यापकच! घसा खाकरून म्हणाले, "मग आठव्या मजल्याची आम्हाला द्या. मी मोठा आहे. धाकटी दहाव्यावर जाईल."

"तिथे अशी एकच उरलीय," मुलगी म्हणाली.

खोलीत सगळे मावशीकडे बघायला लागले. टाचणीला ते "चालेल" मावशीच्या ओठांवर येताना दिसलं, अगदी दिसलं. तिने टेबलाखाली मावशीचा हात घट्ट धरला.

"नाही," मावशी म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही, दादा. चोवीस वर्षं भिंत बघितली. आता सात दिवस मी समुद्र बघणार, तोही बसून. तुला दुसरी हवी असेल तर हे कागद घे, नवव्यावर अजून दोन बऱ्या आहेत. मी दाखवते."

"मला शिकवू नकोस!" मामा उखडले. "मला कुठेही झोप लागते. राहू दे दहावाच!"

"अहो, बघा ना नवव्यावर," मामी कळवळून म्हणाली. पण मामांनी फाइल फाटकन मिटली होती. काउंटरवाल्या मुलीने मावशीपुढे कागद सरकवला, आणि मावशीने मामांच्या नाकावर टिच्चून, ब्लाउजावर टीप मारावी तशी सरळ, न थांबता सही केली.

जहाज निघालं त्याच्या तिसऱ्या सकाळी टाचणी मावशीच्या बाल्कनीत उशीवर मांडी घालून बसली होती. काचेपलीकडे पाणीच पाणी, मध्ये काही म्हणजे काही नाही. मावशी खुर्चीत बसली होती. हातात सुई नव्हती, म्हणून हात कुठे ठेवावेत ते तिला अजून नीट जमत नव्हतं. तेवढ्यात दार वाजलं.

दारात मामा. डोळे लालभडक, केस उभे.

"साडेचारला सुरू होतात," ते कसंबसं म्हणाले. "रोज. त्यांच्या एका ट्रॉलीचं चाक वाकडं आहे." मग जरा घुटमळून, "थोडा वेळ बसू का?"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. खुर्चीतून उठायला ती जरा पुढे झाली, ही तिची जुनी सवय. टाचणी नुसती खाकरली. मावशी पुन्हा मागे टेकली, अगदी आरामात.

"ये ना, दादा," ती म्हणाली. "आतलं स्टूल घेऊन ये. आणि काचेसमोर ठेवू नकोस, जरा बाजूला. मला दिसलं पाहिजे."

मामांनी निमूटपणे स्टूल आणलं आणि दाखवल्या जागी ठेवलं. पाच मिनिटांत ते भिंतीला डोकं टेकून घोरायला लागले. मावशीने त्यांच्या अंगावर शाल टाकली, मान वळवली आणि बसल्या बसल्या समुद्र बघायला लागली.