सतरा नंबरचा पट्टा आणि दोनची मोटार

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. वय म्हणाल तर अवघी तीन वर्षे, पण आम्हा मनगटी पट्ट्यांच्या जातीत हे म्हातारपणच. माझा रबर तडकला आहे, काचेवर ओरखडे आहेत आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच मान टाकते. माझ्या पाठीवर सतरा हा आकडा आहे. तेच माझे नाव.

कारखान्यातून चाळीस भावंडांसह खोक्यात बसून मी लातूरबाहेरच्या माळावर, सैनिकांच्या एका प्रशिक्षण केंद्रात आलो. तिथल्या डॉक्टर तनुजा मॅडमनी आम्हाला काम नेमून दिले. पळणे, दोर चढणे, ओझे घेऊन मैलोगणती चालणे, अशा कष्टांत काही जवानांची झोप उडते आणि मग ते कोसळतात. कोणाची झोप उडणार, हे आधीच ओळखायचे, म्हणजे वेळीच उपाय करता येईल. त्यासाठी आम्ही नाडी मोजायची आणि कोणी कितीदा कूस बदलली ते टिपायचे. "आमचे पट्टे फार हुशार आहेत," असे मॅडम पाहुण्यांना सांगत. खरे सांगतो, मला भारी गर्व झाला होता.

मला मिळाले वैजनाथचे मनगट. तो जळकोटकडच्या एका खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. भरती झाला तेव्हा गावाने फाट्यावर त्याच्या फोटोचा मोठा बॅनर लावला होता. इथे मात्र तो रोज रात्री दोनला दचकून उठे आणि उजाडेपर्यंत टक्क जागा राही. दर रविवारी त्याची आई केवळाबाई फोनवर विचारी, "बाळा, झोप लागती का रं?"

"हाव, लई मस्त लागती," तो सांगे. फोन धरलेल्या हातावरच मी होतो. मला वाईट वाटे.

खरे सांगायची त्याला भीती वाटे. झोप उडालेल्यांच्या मॅडमच्या यादीत नाव आले की मागच्या तुकडीत टाकतात, अशी बराकीत आवई उठली होती. मागे पडलो तर गावात कुठल्या तोंडाने जायचे? बॅनर तर अजून फाट्यावरच होता! शेवटी, पहिली यादी लागायच्या आधीच, त्याने शेजारच्या खाटेवरच्या संगमेशला गाठले. हा देगलूरचा गडी असा, की कानाशी ढोल बडवला तरी घोरणे थांबायचे नाही.

"रातीला माझा पट्टा तुझ्या दुसऱ्या हाताला बांध की," वैजनाथ म्हणाला.

"बांध बाबा. मला कळणार बी न्हाई."

झाले! मी रोज संगमेशची झोप वैजनाथच्या नावावर पाठवू लागलो. मॅडमनी माझ्या आकड्यापुढे हिरवी खूण केली. इकडे खरा वैजनाथ वाळत चालला. एके दिवशी दोर चढताना त्याची पकड सुटली आणि तो वरून वाळूत पडला. मुक्या मारावर निभावले. पण पुढच्या आठवड्यात गोळीबाराचा सराव होता, आणि पेंगणाऱ्या हातात बंदूक जाणार होती. मला तोंड असते तर मी बोंब मारली असती.

हिरवी खूण असलेला मुलगा पडलाच कसा, म्हणून मॅडमनी संगणक उघडला. सतरा नंबर आणि संगमेशचा अठरा नंबर रोज एकाच मिनिटाला कूस बदलत होते! त्यांनी दोघांना बोलावले. संगमेशने मान खाली घातली. वैजनाथला रडूच फुटले. "मॅडम, रोज राती दोनला जाग येती. पण मला मागं टाकू नका."

"अरे, ही यादी मागे टाकायला नाही, सांभाळायला आहे," मॅडम म्हणाल्या.

कवायत शिकवणारे शिवमूर्ती उस्ताद शेजारीच उभे होते. ते उदगीरकडचे. त्यांनी भलतेच विचारले, "तुमच्याकडं शेताला लाईट कवा येती रं?"

"राती दोनला, उस्ताद. मोटार सुरू झाली की रानात पाण्याची दारं धरायला मीच उठायचो. चार वर्षं."

"अन् आपल्या बराकीमागं टाकीची मोटार कवा सुरू हुती? दोनलाच! आरं येड्या, हितं कुठलं रान भिजवायचंय तुला?"

सगळे हसले, वैजनाथसुद्धा. मित्रांनो, ती मोटार मीही रोज ऐकत होतो. पण तिच्या आवाजाने कोणाला आपले रान आठवते, हे मला कसे कळावे?

त्याच दिवशी टाकीची मोटार दुपारी चालवायचे ठरले. वैजनाथचा गोळीबाराचा सराव चार दिवस पुढे ढकलला. तुकडी मात्र तीच राहिली. तिसऱ्या रात्री तो असा झोपला की मला माझेच आकडे खरे वाटेनात. तेव्हापासून मॅडम पट्टा बांधण्याआधी प्रत्येक जवानाला विचारतात, घरी कुठे झोपायचास आणि जाग कशाने यायची.

शपथविधीला केवळाबाई आली. लेकाच्या गालावरून हात फिरवत तिने पुन्हा तेच विचारले.

"आता लागती, माय. मधी लागत न्हवती," तो म्हणाला.

आता मी टेबलाच्या खणात पडून असतो. तक्रार नाही. फक्त एवढेच सांगतो, मित्रांनो: आपले माणूस झोपेचे विचारील तेव्हा खरे सांगा. माझ्या भरवशावर राहू नका. मला बिचाऱ्याला ज्या मनगटावर बांधाल, त्याचीच झोप मी मोजतो.