पुढे हल्या, मागे ताराचंद

मी एक म्हातारा हल्या आहे. पुस्तकांत आम्हाला रेडा म्हणतात आणि तिथं आमच्याबद्दल फारसं बरं लिहिलेलं नसतं. आमच्या एकोडी गावाकडे हल्याच म्हणतात. माझं नाव भुऱ्या. मित्रांनो, नागपूरला एका विद्यापीठात मेंदूच्या आजारांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे आणि तिच्या भिंतीवर माझा फोटो आहे. हसू नका. मलाही आधी त्याचा फार तोरा होता. आता तो फोटो आठवला की तोंडातला चारा गोड लागत नाही.

माझा जन्म ताराचंदच्या गोठ्यातला. वयात आल्यावर त्यानं मला काळ्या नावाच्या हल्यासोबत जुंपलं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत आम्ही धानाच्या बांध्यांमध्ये, बांध घातलेल्या शेतांत, पोटापर्यंत चिखलात उतरायचो. ताराचंद तोंडानं ओरडायचा खूप, पण काठी कधी उगारली नाही. संध्याकाळी तलावात नेऊन तो आम्हाला पेंढीनं घासून काढायचा. त्याची मुलगी मेघा माझ्या पाठीवर बसून पाढे म्हणायची. मी कान हलवला की आपलं चुकलं असं तिला वाटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. ती एवढी शिकली, त्यात माझ्या कानाचाही थोडा वाटा आहे असं मी समजतो.

पुढे मेघा शिकायला नागपूरला गेली आणि त्याच प्रयोगशाळेत लागली. काळ्या मेला. चिखल करायला ट्रॅक्टर आला आणि मी बिनकामाचा झालो. येणारा-जाणारा ताराचंदला म्हणायचा, "बसून कायले चारतेस याले? विकून टाक." ताराचंदची बायको मनकर्णाबाई माझ्यापुढे चारा टाकत राहायची. ताराचंद म्हणायचा, "याले विकलं त मी सकाळी कोणासंग जाऊ?"

मग आमचं रोजचं ठरून गेलं. सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चरायला जायचं, ऊन उतरलं की परतायचं. पुढे मी, मागे कासरा धरून ताराचंद. पाळ संपते तिथं मोहाचं एक झाड आहे. तिथून एक वाट गावात येते आणि दुसरी रानाकडे जाते.

एके दिवशी परतताना तो त्या मोहाखाली थांबला. मीही थांबलो. तो कासरा इकडेही ओढेना, तिकडेही ओढेना. एकदा या वाटेकडे बघायचा, एकदा त्या. मला भूक लागली होती, म्हणून मी आपला घराकडे वळलो. तो मागे आला. दुसऱ्या दिवशी तेच. पुढे तर रोजच तसं व्हायला लागलं. तो मला कधी काळ्या म्हणून हाक मारायचा, तरी मी ओ दिल्यासारखी मान हलवायचो. त्याचं पाऊल अडलं की मी हळू व्हायचो. पाहणाऱ्याला वाटायचं, ताराचंद हल्याला घरी आणतो आहे.

उशीर झाला की मनकर्णाबाई दारातूनच विचारायची, "कोठी होते तुमी इतका वेळ?"

"हा अडला होता," तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "म्हातारा झाला आता. वाटच भुलते."

मी ऐकून घ्यायचो. खरं सांगू, मला त्यात आनंदच वाटायचा. एवढी वर्षं ज्यानं मला घासूनपुसून ठेवलं, त्याच्यासाठी एवढं ऐकून घ्यायला काय हरकत होती? मी त्याला सांभाळतो आहे असं मला वाटत होतं.

धान निघाल्यावर मेघा घरी आली. प्रयोगशाळेतल्या माणसांचे त्यांच्या लाडक्या प्राण्यांसोबतचे फोटो भिंतीवर लावायचे ठरले होते. कोणाचं मांजर, कोणाचं कासव, तिच्यासोबत काम करणाऱ्या कुलदीपचा झिपरा कुत्रा. "त्यायच्यात माया हल्या शोभून दिसंन," म्हणत तिनं आम्हा दोघांचा फोटो काढला. आम्ही पाळीवरून परतताना मोबाईलवर चित्रणही केलं. तिचं तिथलं काम मोठं आहे. खेड्यापाड्यांतली विसरभोळी म्हातारी माणसं तिच्याकडे येतात. त्यांना ती वार विचारते, घर विचारते, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगते. आपल्या बापाला मात्र तिनं काहीच विचारलं नाही. "बाबा एकदम ठणठणीत," असं ती सगळ्यांना सांगत गेली.

या पावसाळ्यात माझा खूर चिघळला. मला उठताच येईना. सकाळी ताराचंद आला, त्यानं खुंटीवरचा कासरा घेतला आणि तो एकटाच निघाला. मी जोरात ओरडलो. मनकर्णाबाईला वाटलं, खूर ठणकत असेल.

तो संध्याकाळी आला नाही. गावानं पाळ पालथी घातली, तलावात जाळी टाकली. मी गोठ्यात पडून होतो आणि तलावाकडून माणसांच्या हाका येत होत्या. त्या हाका मी जन्मभर विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी रानापलीकडच्या गावच्या लोकांनी त्याला ट्रॅक्टरमध्ये बसवून आणलं. परक्या बांधीत, चिखलात बसलेला सापडला म्हणे. हातात कासरा तसाच होता. तो एवढंच सांगत होता, "माया हल्या आला नाही अजून. त्याची वाट पाहून राहिलो."

मेघा नागपूरहून धावत आली. बाप झोपल्यावर ती गोठ्यात माझ्याजवळ बसली आणि तिनं ते मोबाईलमधलं चित्रण लावलं. मोहाखाली आम्ही थांबतो, ताराचंद माझ्याकडे बघतो, मी वळतो, मग तो वळतो. तिनं ते पुन्हा पुन्हा पाहिलं. मनकर्णाबाई पाणी घेऊन आली तेव्हा ती रडत होती.

"आई, लॅबमधे सगळ्यायले दाखवलं मी हे. कुलदीप हसून म्हणे, कोण कोणाले नेऊन राहिला? मीबी हसली. दुसऱ्याच्या बापाचं असतं त लगेच ओळखलं असतं."

मनकर्णाबाई खाली बसली. "मले दिसत होतं, पोरी. तुये बाबा जेवताना मीठ दोनदा टाकत, माया बहिणीले ओळखत नोहते. पर तुले कायले सांगू? लोक म्हणतीन, पोरगी मेंदूचं शिकते आन बापच असा. तुया कामाले नाव ठेवतीन."

"बरा होत नाही तो विसरायचा आजार," मेघा म्हणाली, "मलेबी माहीत आहे. पर इतके दिवस बाबा एकटाच भेत राहिला ना!"

मित्रांनो, त्या दोघी एकमेकींना दोष देत नव्हत्या. जी ती स्वतःलाच बोल लावत होती. आणि मी? मी रोज त्याला बरोबर घरी आणलं, म्हणून गावात कोणाला, मेघालाही, काही कळलं नाही. माझ्या मायेनंच त्याचं दुखणं झाकलं. हे त्यांना सांगावं म्हणून मी मेघाचा हात चाटला. तिनं माझी मान कुरवाळली, आणि मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं बापाला अंगणात, माझ्यासमोर खाटेवर बसवलं. परक्यांना विचारते ते सगळं हळू आवाजात विचारलं. वार त्याला सांगता आला नाही. मग ती म्हणाली, "बाबा, आपलं घर कोठी आहे?"

तो माझ्याकडे बघू लागला. अगदी मोहाखाली बघायचा तसा. माझ्या अंगात जुनी सवय उसळली. दुखऱ्या खुरावर मी उठायला लागलो. मेघानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "नको, भुऱ्या. आज बाबालेच सांगू दे."

मी बसलो. ताराचंद माझ्या उठण्याची वाट पाहत राहिला. मग आपल्याच घराच्या अंगणात बसून तिला समजावल्यासारखा म्हणाला, "जराक थांब, बाई. हा उठला का निघू आपण घरी."

मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी वाटेत अडखळत असेल तर त्याला जरूर सांभाळा. पण सांभाळून घेतलं की गप्प बसू नका, घरी सांगा. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.