टर्बोचा स्वभाव

गाडीतला दोष सापडेपर्यंत तो माझ्या पायात होता, असं आमच्या घराचं ठाम मत होतं.

टर्बो इंजिनाची ही गाडी नवऱ्याने मोठ्या हौसेने घेतली. चालवते मात्र मी. मी नर्स आहे आणि माझं हॉस्पिटल टेकडीपलीकडे, त्यामुळे तो लांबलचक चढ माझ्या रोजच्या वाटेवर. नवऱ्याचं ऑफिस घराच्या कोपऱ्यावर. तो रविवारी गाडी पुसतो आणि बॉनेट उघडून शेजाऱ्यांना कौतुकाने इंजिन दाखवतो.

महिनाभर त्या चढावर गाडी मला दगा देत होती. पुढच्या ट्रकला ओलांडायला अ‍ॅक्सिलरेटर दाबावा, तर गाडी ढिम्म. मागून हॉर्नचा कल्लोळ. आणि मग अचानक अंगात आल्यासारखी उसळी. जीव मुठीत धरून मी पलीकडे पोचायचे.

घरी सांगितलं, तर नवऱ्याने चौकापर्यंत सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली आणि म्हणाला, "तुझा पाय एकसारखा पडत नाही."

मग माझे दीर आले. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण गाड्यांचे व्हिडिओ ते जेवतानासुद्धा बघतात. "वहिनी, पाय हलका ठेवा. टर्बोचा स्वभाव समजून घ्यावा लागतो," ते म्हणाले. स्वभाव समजून घेण्यातच माझी या घरातली सगळी वर्षं गेली होती.

दोघा भावांनी ठरवलं, ट्यूनिंग करायचं. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवायची. जी ताकद आहे तीच धड मिळत नाही आणि हे ती वाढवायला निघालेत, यात दोघांनाही काही खटकलं नाही. तोवर किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली. "तुझ्याच काळजीपोटी," म्हणाला. मी बसने जाऊ लागले. वाईट याचं वाटतं, की बसमध्ये दांडा धरून उभी असताना मलाही ते पटायला लागलं. नसेलच आपल्याला जमत.

ट्यूनिंगवाली बाई तोंडाची फटकळ होती. लॅपटॉप जोडून तिने नवऱ्याला सांगितलं, "चढावर घ्या. तुम्ही चालवा, मी आकडे बघते."

मी मागे बसले. चढावर नवऱ्याने ट्रकला ओलांडायला पाय दाबला. गाडी ढिम्म. समोरून टेम्पो. "अगं, अगं, अगं!" नवरा गाडीवरच ओरडला. मग ती उसळी. कसेबसे ट्रकच्या पुढे शिरलो.

"पाय एकसारखा ठेव," मी मागून म्हणाले. मला फार बरं वाटलं.

गॅरेजमध्ये तिने बॉनेट उघडलं. टर्बोने दाबलेली हवा इंजिनाकडे नेणारा पाइप लालभडक होता.

"हा कुणी बसवला?"

"मी," नवरा खुलला. "आधीचा काळा होता. बॉनेट उघडल्यावर अगदीच कसातरी दिसायचा."

तिने आत हवा भरली आणि पाइपवर साबणाचं पाणी मारलं. पाइप टम्म फुगला, सांध्यावर भराभर बुडबुडे आले.

"हवा इथून निसटते. सपाटीवर कळत नाही, चढावर जोर लागला की कळतं."

"मग ट्यूनिंग?"

"फाटक्या पिशवीत आणखी सामान भरू का?" असं म्हणून तिने साधा काळा पाइप बसवला.

निघताना मी किल्ली मागितली नाही, घेतली. चढावर पुन्हा पुढे एक ट्रक आला. पाय दाबला तशी गाडी एका दमात निघाली, पण ट्रकच्या बरोबरीला येताच माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी ठणठणीत होती, मीच घाबरले होते. पुन्हा पाय दाबून मी पुढे गेले.

शेजारी नवरा फोनवर दिरांना सांगत होता, "मला पहिल्यापासून पाइपचाच संशय होता." मग फोन ठेवून माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाला, "बघ, आता जमतंय तुला."

मी गाडी कडेला घेतली.

"मला जमतच होतं."

मागे टाकलेला ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. आणखी दोन गाड्या गेल्या. तो "हो" म्हणेपर्यंत मी गाडी हलवली नाही.