तपासनीसाच्या शर्टाचं बटण

थोरलीने वडिलांसाठी छापखान्यातली नोकरी सोडली, त्याला तिसरं वर्ष चालू होतं. घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्यांना सरकार भत्ता देतं, असं शेजारणीकडून कळलं आणि तिने अर्ज केला. भत्ता मिळाला तर बाबा घरी राहणार होते. नाहीतर तिला कामावर जाणं भाग होतं आणि त्यांना कुठल्यातरी आश्रमात ठेवणंही.

चार खेपा झाल्या, तीन दाखले झाले, "तुम्ही मुलगीच कशावरून?" हेही विचारून झालं. मग एकदाचा तपासनीस घरी आला.

"स्वतः जेवतात?"

"भरवते."

"अंघोळ? कपडे?"

"सगळं मीच."

"जरा त्यांनाही बोलू द्या की, ताई!"

एकेकाळचे शिंपी असलेले बाबा त्याच्या छातीकडे टक लावून बसले होते. "आक्का," ते लेकीला म्हणाले. आक्का म्हणजे त्यांची बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली. "गिऱ्हाइकाचं बटण लोंबतंय. सुई आण."

शहाण्या बाईने सुई दिली नसती. पण बाबांनी आपणहून काही मागितलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिने दोरा ओवून दिला.

चमच्यातलं पाणी सांडणारा तो हात स्थिर झाला. "हलू नका हं," म्हणत त्यांनी त्याच्या अंगातल्या शर्टाला टाके घातले, दोऱ्याचे वेढे दिले, गाठ मारली. थोरलीला लहानपणासारखी त्यांच्या गळ्यातली टेप दिसली, मशीनचा आवाज आला, आई जेवायला हाका मारतेय आणि हे म्हणतायत, "एवढी एक बाही!"

"शिलाई राहू द्या," बाबा म्हणाले. "तुम्ही काय परके आहात?"

तपासनीस खूश. त्याने लिहिलं: हाताची कामे स्वतः करतात.

"अहो, सवय आहे ती! काल चमचा कानाला लावून हॅलो हॅलो करत होते!"

"फॉर्ममध्ये सवयीचा रकाना नाही, ताई."

तेवढ्यात बाबा पुढे झुकून उठू लागले. म्हणजे लघवीला जायचं. एरवी ती धावली असती. आज हाताची घडी घालून उभी राहिली.

"जाऊ द्या त्यांना. स्वतः करतात ना?"

बाबांनी तपासनीसाची बाही धरली. दोघेही झुलू लागले. "अहो ताई, धरा! पडतील!"

बघू दे अजून, असं ती मनाशी म्हणत होती, पण बाबांचे गुडघे दुमडले आणि तिच्याने राहवेना. तिने काखेत हात घालून त्यांना सावरलं. तोवर उशीर झाला होता. त्यांना धुऊन, कपडे बदलून पलंगावर बसवून ती परतली, तर तपासनीस ओल्या बुटाने तसाच उभा.

"खाडाखोड केली की अर्ज बाद होतो," तो हळूच म्हणाला. "नवा फॉर्म ऑफिसात आहे."

"मग उद्या घेऊन या. सकाळी सातला. अंघोळ कशी घालतात ते बघा."

"ऑफिस दहाला उघडतं हो."

"बाबा सहाला उठतात."

त्याने फॉर्म चार घड्या करून खिशात कोंबला. "येतो सातला," म्हणाला.

"या," म्हणत ती फरशी पुसायचं फडकं शोधायला गेली.