फ्रेंचचा लहान एफ

छापखान्यात प्रूफं तपासणाऱ्या बाईंना सगळे प्रूफबाईच म्हणत. एकोणतीस वर्षं लोकांच्या चुका वेचून त्यांची नजर अशी झाली होती, की समोर माणूस आला तरी आधी त्याचं व्याकरण दिसायचं आणि मग तोंड. बहुतेकांची दोन्ही बघण्यासारखी नसतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

एका सोमवारी त्यांच्या टेबलावर एका शाळेचं इंग्रजी माहितीपत्रक आलं. चोवीस पानं, मुख्याध्यापकांनी जातीने लिहिलेली. तिसऱ्या पानावरच बाईंनी लाल पेनाचं टोपण काढलं. फिजिक्सचा पी मोठा, म्हणजे कॅपिटल, केमिस्ट्रीचा सी मोठा. वाक्याच्या मधोमध, काही कारण नसताना, छाती काढून उभे. ड्रॉइंग आणि म्युझिक मात्र लहान. आणि फ्रेंचसुद्धा लहान! बाराव्या पानावर शाळेला भेट देऊन गेलेले जपानी पाहुणे होते, त्यांचाही जे लहान.

"एवढी पदव्यांची शेपटी आणि अक्कल बघा," बाई पुटपुटल्या. त्यांनी पानं लालेलाल करून परत पाठवली.

दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक ती पानं टेबलावर आपटत हजर झाले. "बाई, हे काय? आमच्या फिजिक्सला लहान केलंत आणि फ्रेंचला डोक्यावर बसवलंत?"

"मी नाही, सर. नियमाने बसवलं. फिजिक्स, हिस्टरी ही साधी नावं, वाक्यात आली की लहान. फ्रेंच, इंग्लिश, जपानी हे शब्द देशावरून आलेत, ते कुठेही आले तरी मोठे. पाचवीतलं पोर सांगेल."

"नियम मलाही कळतात. पण मान म्हणून काही असतो की नाही? फिजिक्सवर आमच्या शाळेचं नाव चालतं. फ्रेंचच्या बाई आठवड्यातून दोन तास येतात."

"म्हणून त्यांना लहान एफ?"

"मग!"

"आणि जपानी पाहुण्यांनी काय केलं?"

"ते चहा न घेता गेले," सर गंभीरपणे म्हणाले.

प्रूफबाईंना हसू आलं नाही. कीवही आली नाही. कीव यायला समोरच्यात थोडं तरी काही असावं लागतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, कागदावर मेलेल्या माशीकडे बघावं तशा.

तेवढ्यात छापखान्याचे मालक आतून धावत आले. "बाई, गिऱ्हाईक म्हणेल तसं छापायचं."

"छापा. माझी सही मिळणार नाही."

"नसू दे," मालक म्हणाले आणि छापून मोकळे झाले.

पंधरा दिवसांनी एक तरुण बाई हातात हेल्मेट घेऊन छापखान्यात आली. शाळेत फ्रेंच शिकवणारी तीच. "अख्ख्या पुस्तकात भाषांमध्ये माझीच लहान का हो? इंग्लिश तर मोठं आहे."

"इंग्लिश मुख्याध्यापक स्वतः शिकवतात ना?"

"हो."

"झालं तर!" प्रूफबाईंनी खणातून लाल खुणांची जुनी पानं काढून तिच्या हातात दिली. "शिक्षकांच्या खोलीत लावा. वाचता येत असेल तर वाचतील."

पानं फळ्यावर लागली आणि शाळेत रणकंदन माजलं. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, फिजिक्सला आणि आम्हाला एकच नियम, मग आम्हीच लहान का? फिजिक्सवाले रुसले, वीस वर्षं मोठं राहून आता लहान व्हायचं? तीन बैठका झाल्या. पदवीधर माणसं एका अक्षराच्या उंचीवरून एकमेकांची उणीदुणी काढत बसली.

अखेर मुख्याध्यापकांनी तोडगा काढला. नवी प्रत छापखान्यात आली, वर चिठ्ठी: कुणाचीच तक्रार नको, पुस्तकातलं प्रत्येक अक्षर मोठं छापावं.

प्रूफबाईंनी ती चोवीस पानं वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणीतरी कानाशी ओरडत असल्यासारखी. पण चूक काढायला जागाच नव्हती. सगळंच मोठं, तिथे नियम कुठे लावणार? दात-ओठ खात त्यांनी सही केली.

आठवड्याने फ्रेंचवाली पुन्हा आली, चेहरा खुललेला. "थँक्यू हं, बाई. आता सगळे सारखे झालो."

"पण एफ मोठा का असतो, ते कळलं का तुमच्या शाळेत कुणाला?"

"ते जाऊ द्या हो. खरं सांगू? फ्रेंचमध्ये भाषांची नावं लहानच लिहितात. फ्रेंच हे नावसुद्धा आम्ही लहान एफनेच लिहितो. मला त्याचं वाईट नव्हतं वाटलं, फक्त बाकीच्यांचा तोरा सहन होत नव्हता."

प्रूफबाईंचं पेन हवेतच थांबलं. एकोणतीस वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि त्यांनी कधी विचारलीही नव्हती. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. क्षणभरच.

"स्वतःच्या भाषेचं नाव लहान लिहितात?" त्या म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या मुख्याध्यापकांसारखा एक अख्खा देशच आहे म्हणायचा."

फ्रेंचवाली खो खो हसत निघून गेली. प्रूफबाईंनी चष्मा पुसला आणि कुणा डॉक्टरच्या दवाखान्याच्या पाटीचं प्रूफ पुढे ओढलं. पहिल्याच ओळीत दोन चुका होत्या.