पहिल्याच प्रकरणात मेलेली आई

बसवनगुडीतल्या घरापुढे दुपारी घोड्याचा जटका थांबला, तेव्हा सत्यवतीला वाटलं, आला असेल कुणी वाचक. तिच्या नवऱ्याच्या, त्रिविक्रमच्या कादंबऱ्या वाचून माणसं लांबलांबून येत. उपाशी, पोरकं पोर कष्ट करून बंगला बांधतं, एवढीच गोष्ट तो फिरवून फिरवून लिही आणि बेळगावचा प्रकाशक आवृत्त्या काढत राही. त्रिविक्रम स्वतःही पोरका. प्रत्येक पुस्तकाच्या मागे तसं छापलेलं असे.

उतरलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातांत जाड पाटल्या. मागे सामान घेतलेला गडी.

"त्रिविक्रम आहे का?"

"सत्काराला गेलेत, येतील एवढ्यात. स्वल्प बसा. आपण कोण?"

"मी कृष्णाबाई. त्याची आई."

सत्यवती उंबऱ्यातच खिळली. बाईला वेड लागलंय, हे पहिलं मनात आलं. मग तिनं चेहरा नीट पाहिला. तीच हनुवटी, त्याच जुळलेल्या भुवया. लग्नात वरपक्षाकडून बसायला कुणी नव्हतं म्हणून तिच्या काकांनी चिकपेटचं दुकान बंद ठेवून ती जागा घेतली होती. दर भाद्रपदात अविधवा नवमीला ती मेलेल्या सासूच्या नावानं सवाष्ण जेवू घालत आली होती. यंदाही घातली होती.

"सासरे?" तिनं विचारलं.

"आहेत. अंथरुणाला खिळलेत. त्याला एकदा बघायचं म्हणतात." कृष्णाबाई ओसरीवर टेकल्या. "निपाणीला तंबाखूच्या वखारी आहेत आमच्या. वडिलांशी भांडून गेला तो. उपाशी मात्र एक दिवस राहिला नाही गं. त्याची सगळी पुस्तकं वाचलीत मी. प्रत्येकात पहिल्याच प्रकरणात मला मारतो."

त्रिविक्रम आला तो गळ्यात हार घेऊनच. आईला पाहून पांढरा पडला, पण वाकून पाया पडला. "केव्हा आलीस?" असं म्हणाला, जणू ती गेल्या महिन्यातच येऊन गेली होती.

सत्यवतीला त्या शांतपणाचीच भीती वाटली. "मला का फसवलंत?"

त्यानं गळ्यातला हार काढून खुंटीला अडकवला. "वखारवाल्याच्या मुलाचं पुस्तक कुणी घेतलं नसतं. आणि तू तरी? माझं पुस्तक वाचूनच लग्नाला होकार दिलास ना?"

ते खरं होतं.

"चल बाबा," आई म्हणाली.

"तिथं कुणी ओळखलं तर? पेपरात येईल, आई."

सत्यवती आत गेली, चार लुगडी ट्रंकेत टाकली आणि बाहेर आली. "सरी, ठीक आहे. मी येते तुमच्याबरोबर." संध्याकाळच्या पुणे मेलनं दोघी निघाल्या. तो फाटकापर्यंतही आला नाही.

निपाणीला पोचल्यावर तिला दुसरा धक्का बसला. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तो मोठा लेखक आपल्या वखारीतला त्रिविक्रम, हे लहानथोर जाणत होते आणि वर्षानुवर्षं कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. कृष्णाबाईंनीच दारोदार जाऊन सांगितलं होतं, पोराच्या नावाला धक्का लागेल असं बोलू नका.

सासऱ्यांच्या तोंडात शेवटचं पाणी सत्यवतीनंच घातलं. "तो आला?" त्यांनी विचारलं. "वाटेत आहेत," ती म्हणाली.

त्रिविक्रम अंत्यविधी उरकल्यावर आला. सोप्यात भिंतीला टेकून बसला आणि मोठ्यानं रडला. शेजारपाजारचे मान खाली घालून उभे होते.

ताट वाढायला सत्यवती उठली, पण परत खाली बसली. शेवटी कृष्णाबाईंनीच वाढलं.

"जेव," त्या म्हणाल्या, "दमला असशील."