पैऱ्यावरचे काम

आमच्या तंत्रनिकेतनाच्या तुकडीचा ई-मेल गट मी चालवत असे. चालवणे म्हणजे फार काही नाही. नवा सदस्य आला की त्याचे नाव दाखल करायचे, आणि वाद शिवीगाळीच्या काठाला गेला की दोन्ही बाजूंना सौजन्याची आठवण करून द्यायची. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन एकत्र बाहेर पडलेले आम्ही सगळे साठीला टेकलो होतो. कोणी भिलाईत, कोणी मस्कतला, एक डेट्रॉइटजवळ, आणि मूठभर अजून कोल्हापुरातच. मी ओतशाळेत गुणवत्ता तपासणीचे काम करून निवृत्त झालो होतो. तिथला एक नियम मी गटातही पाळला: कोणाचाही मजकूर पुसायचा नाही. खराब निघालेले ओतकामसुद्धा कारण सापडेपर्यंत आम्ही पुन्हा भट्टीत टाकत नसू.

२००८ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या मित्राने लिहिले की, तिकडे नोकरी गेली की विमा जातो, आणि विमा गेला की एक आजारपण घर विकायला लावते. आपल्याकडे वेळीच कर वाढवून दवाखाने सरकारने सांभाळावेत. त्या एका पत्रावर वाद पेटला आणि तो पावसाळ्यापर्यंत विझला नाही.

एका बाजूला भीमाप्पा होता. निपाणीकडच्या व्यापारी घरातला, घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारा, शिरोलीत स्वतःची मोठी ओतशाळा उभी केलेला. त्याचे म्हणणे असे की श्रीमंतांवर कर वाढवा, आणि सुरुवात माझ्यापासून करा. दुसऱ्या बाजूला आकाराम होता. कोडोलीच्या शेतकऱ्याचा मुलगा, उद्यमनगरात दोन यंत्रांचे वर्कशॉप चालवणारा. एक जुना लेथ, आणि दुसरे नुकतेच घेतलेले संगणकावर चालणारे सीएनसी यंत्र. ज्याने कराला विरोध करावा असे वाटे तो कर मागत होता, आणि ज्याने मागावा तो नको म्हणत होता.

आकाराम स्वतः कळफलकाला हात लावत नसे. त्याची मुलगी राजनंदिनी वर्कशॉपचे हिशेब पाही. त्याची पत्रेही तीच टंकित करी. यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून तो येरझाऱ्या घालत सांगे आणि ती त्याची बोली साफसूफ करून पाठवी.

"मी कर भरतो, मुदतीआधी भरतो," असे त्याचे एक पत्र होते. "रस्त्याला भरतो, शाळेला भरतो. पण तीस वर्षे तंबाखू चघळणाऱ्याच्या जबड्यासाठी मी का भरावे? ज्याने यंत्र वापरले त्याने दुरुस्ती करावी. शरीर हे ज्याचे त्याचे यंत्र आहे."

मी मध्ये पडलो. आमच्या धंद्यातले उदाहरण दिले की पटेल, असे मला वाटले. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. तेव्हा त्याला पुरवठा व्हावा म्हणून साच्याच्या वरच्या बाजूला जादा धातूचा एक खांब ठेवतात. त्याला रायझर म्हणतात. रायझर नसेल तर बाहेरून चांगले दिसणारे काम आतून पोकळ निघते. कर हा समाजाचा रायझर आहे, असे मी लिहिले. दुसऱ्या दिवशी आकारामचे उत्तर आले: "रायझर त्याच साच्यातला असतो. शेजारच्या साच्यातला धातू कोणी ओढून घेत नाही. प्रत्येकाने आपला रायझर आपण ठेवावा." तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर होता.

भीमाप्पा मात्र माघार घेणारा नव्हता. त्याने सरळ विचारले, "उद्या तुझ्यावरच वेळ आली तर?"

या पत्राचे उत्तर राजनंदिनीने साफसूफ न करता जसेच्या तसे पाठवले. कदाचित त्यानेच तसे बजावले असेल. "माझ्यावर वेळ आली तर माझ्या खिशात असंल तेवढंच औषध घीन. दुसऱ्याचा एक पैसा घेणार न्हाई. ल्हिवून ठेवा."

सर्वांच्या देखत दिलेला तो शब्द होता.

पावसाळ्यात त्याला जिना चढताना धाप लागू लागली. तपासणीत हृदयाची एक झडप गळत असल्याचे निघाले. ती बदलावी लागेल आणि उशीर करू नये, असे डॉक्टरांनी सांगितले. खर्चाचा आकडा त्याच्या शिलकीच्या बराच बाहेरचा होता, कारण शिलक सीएनसी यंत्रात गेली होती. विमा त्याने कधी काढला नव्हता. गरिबांसाठी असलेल्या सवलतीत तो बसत नव्हता. कर भरत होता ना. त्यातच सप्टेंबरपासून शिरोलीच्या ओतशाळांकडची कामे मंदीने आटू लागली. एकच मोठी ऑर्डर त्याच्या हातात होती.

दसऱ्याला भीमाप्पा आणि मी सोने द्यायला त्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. दोन्ही यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या. शेजारच्या वर्कशॉपचा गुंडू आणि कामगार प्रसाद घेत उभे होते. भीमाप्पाने आपट्याची पाने आकारामच्या हातात ठेवली, आणि पानांखाली एक जाड पाकीट.

आकारामने पाने वेगळी केली, पाकीट वेगळे केले.

"भीमाप्पा, वादात हरलास म्हणून लाच देतूस व्हय रं?"

"यप्पा, लाच कसली? दोस्त हाय म्हणून..."

"दोस्त हायस म्हणून सोनं घेतलं. हे घिवून जा." त्याने पाकीट भीमाप्पाच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबले आणि कामगारांकडे वळून म्हणाला, "बघताय काय? पेढं खावा."

गुंडू हसला, पण एकट्यानेच. आकाराम खुर्चीत बसला आणि बराच वेळ श्वास मोजून घेत राहिला.

पुढच्या आठवड्यात राजनंदिनी माझ्या घरी आली. चहाला हात लावला नाही.

"काका, आबांचं ते वाक्य गटावरनं काढून टाका."

"कोणते?"

"तुमास्नी ठाऊक हाय कोणतं. मीच पाठवलंय. मी म्हटलं हुतं, आबा, असलं ल्हिवू नगा. तर म्हणालं, दाब बटण. मी दाबलं." ती खाली पाहत होती. "रोज आई जेवण वाढती आणि रडती. आबा म्हणत्यात, सगळ्यांनी वाचलंय. तुमी काढलासा तर कुणी वाचलंच न्हाई असं हुईल की."

मी तिला सांगितले की पुसल्याने वाक्य जाईल, पण ते ज्याने उच्चारले त्याच्या डोक्यातून जाणार नाही. उलट आपण पुसले हे कळले तर तो आणखी हट्टाला पेटेल. तिला ते पटले, म्हणूनच तिचा चेहरा अधिक उतरला.

"त्यांनी सीएनसी यंत्र विकावे," मी म्हणालो. "ते तर त्यांच्याच खिशातले आहे."

"म्या बी तेच म्हटलं. तर म्हणत्यात, मशीन माझं हाय, पण त्याच्यावरच्या ऑर्डरचा शब्द गिऱ्हाइकाला दिलाय. मशीन गेलं तर ऑर्डर गेली, आणि चार माणसं घरी बसली. मग दवाखान्यातनं येऊन मी करू काय?"

म्हणजे दोन शब्द एकमेकांना अडवून बसले होते, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस श्वास मोजत होता.

दिवाळी तशीच गेली. त्यानंतर एके दिवशी भीमाप्पा माझ्याकडे आला. त्याने गटावरची आकारामची सगळी पत्रे छापून घेतली होती आणि पेन्सिलीने खुणा करून वाचली होती.

"तुझा पुसायचा न्हाई हा नेम बरा झाला बघ," तो म्हणाला. "त्यानं कशाकशाला न्हाई म्हटलंय ते सगळं मी काढलं. कर, दान, विमा, उसनं, वर्गणी, सरकार. कशालाच सोडलं न्हाई त्यानं. आता सांग, ह्यात काय न्हाई?"

मी कागद उलटून पाहू लागलो.

"पैरा," भीमाप्पा म्हणाला. "एका ओळीत पैऱ्याचं नाव न्हाई. का न्हाई? तो रोज करतोय. त्याला ती वादाची गोष्ट वाटतच न्हाई."

पैरा ही मुळात शेतातली रीत. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या रानात. पैसे नाहीत, फक्त फेड. खेड्यांतून आलेल्या माणसांनी ती उद्यमनगरातही आणली होती. एकाचे यंत्र बंद पडले की शेजारी त्याचे काम आपल्या यंत्रावर चालवून देई, आणि पुढे कधीतरी तितकेच तास परत मिळत. आकारामने अशी कामे कितीतरी केली होती.

भीमाप्पाचा आराखडा सरळ होता. सीएनसी यंत्र बाजारभावाने बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकायचे. तो पैसा आकारामचाच, त्यातून शस्त्रक्रिया. हातातली ऑर्डर गुंडू आणि आणखी दोन शेजाऱ्यांनी आपापल्या यंत्रांवर पैऱ्याने पुरी करायची. कामगार तिथे जाऊन उभे राहतील. गुंडूला आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "ह्यात इचारायचं काय?"

आम्ही तिघे आकारामच्या घरी गेलो. त्याची पत्नी धोंडुबाई दाराशी उभी राहिली. राजनंदिनी वडिलांच्या पायाशी बसली. आकारामने सगळे नीट ऐकून घेतले. खोट काढायची त्याची सवय होती, आणि ती त्याने काढली.

"पैरा म्हंजे फेडायचा आला," तो म्हणाला. "आणि मी टेबलावरनं उठलोच न्हाई तर? मग तो पैरा ऱ्हातोय काय? मग ते दानच झालं की."

भीमाप्पाने माझ्याकडे पाहिले. या मुद्द्यावर आमच्यापैकी कोणीही पत्र लिहिले नव्हते.

गुंडू पुढे सरकला. "माझा भाऊ कृष्णात वारला तवा त्याच्यावर तुमचा पैरा हुता. मागितलासा?"

"मयताकडं मागत्यात व्हय?"

"त्याच्याकडं न्हाई. माझ्याकडं मागितलासा?"

"तू दिलास की. मागायच्या आदीच आलास, पंधराव्या दिवशी."

"मग?" गुंडू म्हणाला.

आकाराम उत्तर देण्याआधी राजनंदिनी म्हणाली, "मी फेडीन."

"तू?" आकारामने तिच्याकडे वाकून पाहिले. "तू हिशेब ल्हितीस. लेथवर उभं ऱ्हायला येतंय तुला?"

"शिकवलासा तर यील."

धोंडुबाईने तोंडाला पदर लावला. आकारामने तिच्या खांद्यावरच्या ओढणीकडे पाहिले. मग तो म्हणाला, "उद्या सकाळी केस बांधून ये. ओढणी न्हाई चालायची. गुतली तर जीव जाईल."

बेळगावच्या एका गिऱ्हाइकाने यंत्र नेईपर्यंत आणि शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत आकाराम रोज खुर्ची टाकून जुन्या लेथजवळ बसत असे. मी दोन-तीनदा गेलो. तो बोलायला दमत होता, म्हणून बोटाने खूण करी: हत्यार मागे, फेरे कमी, आता माप घे. राजनंदिनीने माप घ्यायचे वर्नियर लावून आकडा सांगितला की तो ते वर्नियर हातात घेऊन स्वतः पुन्हा पाही. एकदा आकडा जुळला तेव्हा त्याने वर्नियर खाली ठेवले. पुढचा तुकडा तिच्याकडे सरकवला.

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने तिच्याकडून गटासाठी एक पत्र लिहून घेतले. "माझे मत बदललेले नाही," असे त्यात होते. "मी माझ्या खिशातून खर्च करतो आहे. पण भीमाप्पाने एक प्रश्न सोडवावा. फेडणारा बदलला तर तो पैराच राहतो का? राहत असेल, तर किती माणसांपर्यंत राहतो? शेजाऱ्यापर्यंत, पेठेपर्यंत, की पुढेही? उत्तर सविस्तर लिहावे. मी आल्यावर वाचीन."

शस्त्रक्रिया पार पडली. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते की उशीर झाला आहे आणि हृदय थकले आहे. पाचव्या दिवशी ते थांबले.

बातमी गटावर मी लिहिली. सगळ्यांची पत्रे आली. भीमाप्पाचे आले नाही. त्याने उत्तर लिहायला घेतले होते हे मला माहीत आहे, कारण तो मला फोनवर त्यातली वाक्ये वाचून दाखवी आणि मध्येच थांबे. "कुणासाठी ल्हिवू?" असे एकदा म्हणाला आणि पुन्हा तो विषय निघाला नाही. ऑर्डर ठरल्या तारखेला गिऱ्हाइकाच्या दारात पोचली.

पुढच्या उन्हाळ्यात गुंडूच्या यंत्राचा विद्युत भाग जळला. सुटे भाग पुण्याहून यायचे होते. भीमाप्पा आणि मी त्या बाजूला गेलो असताना आकारामच्या वर्कशॉपमध्ये डोकावलो. जुना लेथ चालू होता. केस घट्ट बांधून राजनंदिनी उभी होती, आणि गुंडू आपल्या ऑर्डरच्या तयार झालेल्या बुशी, म्हणजे कातलेल्या पोकळ कड्या, पोत्यात भरत होता. आम्हाला पाहून तिने मानेने या म्हटले. यंत्रावरचा हात काढला नाही.

"लिहितो हे गटावर," मी भीमाप्पाला हळू आवाजात म्हणालो.

"नको," तो म्हणाला. "ल्हिलंस की बरोबर का चूक सुरू हुईल."

लेथ थांबवून ती आली. पोत्यावरच्या दोन बुशी तिने उचलल्या, वर्नियर लावले, आणि बाजूला ठेवल्या.

"ह्या दोन नेऊ नगा, काका. माप गेलंय. दुसऱ्या करून देतो."

"आगं, केसाएवढा फरक," गुंडू म्हणाला. "पैऱ्याच्या कामात कोण बघतंय?"

"पैऱ्याच्याच कामात बघायचं. पैशाच्या कामात गिऱ्हाईक बघतंच की."

गुंडूने आकारामची खुर्ची ओढली, क्षणभर त्या खुर्चीकडे पाहिले, मग ती होती तिथे परत ठेवून तो पोत्यावरच बसला. राजनंदिनीने नवा तुकडा लेथच्या चकात धरला. आम्ही दोघेही त्या दोन बुशी होईपर्यंत तिथेच थांबलो.